मज्जासंस्थेच्या दुखण्यांना ओळख देणारे वैद्य : ज्याँ-मार्तां शार्को

मल्टिपल स्क्लेरोसिस किंवा ‘एमएस’ हे नाव मोठ्या शहरांतील रुग्णालयांत आता नवे राहिलेले नाही. तथापि पारनेरसारख्या तालुक्याच्या गावी आजही या व्याधीचा उल्लेख ‘नसांचे दुखणे’ असा मोघमपणेच होण्याची शक्यता अधिक. त्यात कुणाचा दोष आहे असेही नाही, कारण या आजाराची लक्षणे विलक्षण विखुरलेली असतात. एकदा डोळ्याची दृष्टी अंधुक होते, काही महिन्यांनी पाय बधिर होतात, कधी हात थरथरतो, तर कधी केवळ असह्य थकवा येतो. मधल्या काळात रुग्ण जवळजवळ पूर्ववत होतो. ही निरनिराळी गाऱ्हाणी एकाच व्याधीची रूपे आहेत, हे दीडशे वर्षांहून अधिक काळापूर्वी ज्यांनी नि:संदिग्धपणे दाखवून दिले, ते फ्रेंच वैद्य म्हणजे डॉ. ज्याँ-मार्तां शार्को. आधुनिक मज्जाविकारशास्त्राच्या संस्थापकांमध्ये त्यांची गणना होते.

शार्को यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८२५ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील घोडागाड्या तयार करणारे कारागीर होते. घरची स्थिती बेताची होती आणि चार मुलांपैकी एकालाच उच्च शिक्षण देणे वडिलांना परवडणार होते, असे सांगितले जाते. अभ्यासात सर्वांत पुढे असलेल्या ज्याँ-मार्तांच्या वाट्याला ती संधी आली. हा मुलगा अबोल आणि एकलकोंडा होता. त्याला चित्रकलेची मनापासून आवड होती. चित्रकार व्हावे की वैद्य, असा प्रश्न त्याच्यापुढे काही काळ होता. अखेर त्याने वैद्यकशास्त्र निवडले, पण हातातील पेन्सिल कधी सुटली नाही. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे मज्जातंतूंचे सूक्ष्म बदल शार्को यांनी स्वत:च्या हाताने रेखाटले, त्यामागे हाच तरुणपणीचा सराव होता. इंग्रजी, जर्मन व इटालियन भाषाही त्यांनी आत्मसात केल्या होत्या. त्यामुळे इतर देशांतील वैद्यकीय लेखन ते मुळातून वाचू शकत.

१८५३ मध्ये त्यांनी सांध्यांच्या विकारांवर प्रबंध सादर केला. बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या दोन सांधेदुखींमधील भेद त्यांनी त्यात स्पष्ट केला होता. वरकरणी एक दिसणाऱ्या गोष्टींमधील वेगळेपण हेरायचे आणि वेगळ्या भासणाऱ्या गोष्टींमधील एकत्व शोधायचे, ही त्यांच्या पुढील साऱ्या कार्याची दिशा या पहिल्या प्रबंधातच दिसते.

१८६२ हे वर्ष त्यांच्या आयुष्याला कलाटणी देणारे ठरले. त्या वर्षी ते पॅरिसमधील सालपेत्रिएर रुग्णालयात विभागप्रमुख म्हणून रुजू झाले. या जागी पूर्वी बंदुकीच्या दारूचा कारखाना होता. सतराव्या शतकात तेथे निराधार स्त्रियांसाठी आश्रयस्थान उभारण्यात आले. शार्को आले तेव्हा सुमारे पाच हजार स्त्रिया तेथे राहत होत्या. त्यांत वृद्ध, अपंग, अपस्माराने पीडित, मनोरुग्ण आणि केवळ दरिद्री अशा सर्व प्रकारच्या स्त्रिया होत्या. महत्त्वाकांक्षी डॉक्टरांना ही जागा नकोशी वाटे. तेथे बरे होऊन घरी जाणारे रुग्ण थोडे होते, आणि ज्यांच्यामुळे डॉक्टरची कीर्ती पसरावी असे प्रतिष्ठित रुग्ण तर तेथे येतच नसत.

शार्को यांनी मात्र याच ठिकाणी मोठी संधी पाहिली. मज्जासंस्थेच्या व्याधी वर्षानुवर्षे चालतात. त्यांचा क्रम समजून घ्यायचा तर रुग्ण दीर्घकाळ एकाच ठिकाणी असावा लागतो. सालपेत्रिएरमध्ये हजारो रुग्ण होते आणि त्यांतील बहुतेक मृत्यूपर्यंत तेथेच राहणार होते. सहकारी डॉ. आल्फ्रेद व्युल्पियाँ यांच्यासह शार्को यांनी दालनामागून दालन पिंजून काढले. प्रत्येक रुग्णाची तपासणी करून नोंदी ठेवल्या आणि लक्षणांनुसार वर्गवारी केली. रुग्ण दगावल्यावर शवविच्छेदन करून मेंदू व मज्जारज्जू सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचा आणि जिवंतपणी दिसलेले कोणते लक्षण कोणत्या भागातील बिघाडामुळे होते, याचा ताळा घ्यायचा, अशी त्यांची पद्धत होती. आज ती साधी वाटते. त्या काळी मज्जाविकारांच्या क्षेत्रात एवढ्या चिकाटीने तिचा अवलंब क्वचितच कोणी केला होता.

मल्टिपल स्क्लेरोसिसचे डाग शार्को यांच्याही आधी पाहिले गेले होते. ब्रिटनचे रॉबर्ट कार्सवेल आणि फ्रान्सचे ज्याँ क्रुव्हेलिए यांनी १८३० ते १८४२ या काळात मज्जारज्जूवरील करड्या रंगाच्या चट्ट्यांची चित्रे प्रसिद्ध केली होती. इंग्लंडचे राजे तिसरे जॉर्ज यांचे नातू ऑगस्टस द एस्ते यांनी १८२२ पासून सुरू झालेल्या आपल्या दुखण्याची दैनंदिनी लिहिली होती. आज ती वाचणाऱ्या तज्ज्ञांना त्यात याच आजाराचे वर्णन स्पष्ट दिसते. परंतु चट्टे पाहणाऱ्यांना रुग्णाच्या आयुष्याची पुरेशी माहिती नव्हती आणि दुखणे भोगणाऱ्याला आपल्या शरीरात काय चालले आहे, हे सांगणारे कोणी नव्हते. ही दोन टोके जोडली जाणे बाकी होते.

या संदर्भात शार्को यांच्या घरातील एका मोलकरणीची हकिगत चरित्रकार आवर्जून सांगतात. तिच्या हाताला कंप होता. कामे करताना तिच्या हातून बशा फुटत. तरीही शार्को यांनी तिला कामावरून काढले नाही. आजार वाढल्यावर ती सालपेत्रिएरमध्ये दाखल झाली आणि तेथेच तिचे निधन झाले. शवविच्छेदनात मज्जासंस्थेत ठिकठिकाणी विखुरलेले कठीण चट्टे आढळले. एका गरीब स्त्रीच्या आजाराने शार्को यांना कंपा-कंपातील फरक शोधण्यास प्रवृत्त केले.

तो फरक त्यांनी अत्यंत सोप्या रीतीने मांडला. कंपवातात हात विसावलेला असतानाही थरथरतो. या दुसऱ्या व्याधीत मात्र हात स्वस्थ असताना थरथर नसते. रुग्ण पेला उचलू लागला की ती सुरू होते आणि पेला ओठांजवळ येतो तशी वाढत जाते. व्याख्यानाच्या वेळी हा भेद मागच्या रांगेतील विद्यार्थ्यांनाही दिसावा, म्हणून ते रुग्णांच्या टोपीत लांब पिसे खोचत, असे सांगतात. पिसांच्या हालचालीवरून कंपाची जात ओळखता येई. कंपवाताला इंग्रज वैद्य जेम्स पार्किन्सन यांचे नाव द्यावे, हा आग्रहही शार्को यांचाच.

१८६६ मध्ये व्युल्पियाँ यांनी या व्याधीचे काही रुग्ण वैद्यकीय सभेपुढे मांडले. १८६८ मध्ये शार्को यांनी व्याख्याने व लेखांद्वारे तिचे सर्वांगीण वर्णन केले. फ्रेंच भाषेत तिला दिलेल्या नावाचा अर्थ चट्ट्यांच्या रूपातील काठिण्य असा होतो. डोळ्यांच्या बुबुळांची नकळत होणारी हालचाल, कृती करताना होणारा कंप आणि शब्दाचे तुकडे पाडत अडखळत येणारे बोलणे ही तीन लक्षणे त्यांनी विशेषत्वाने नोंदवली. ‘शार्कोचे त्रिलक्षण’ म्हणून ती आजही वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवली जातात. मात्र प्रत्येक रुग्णात ही तिन्ही लक्षणे असतीलच असे नाही आणि अपुऱ्या लक्षणांचे रुग्णही असतात, हेही त्यांनी त्याच वेळी सांगितले होते.

सूक्ष्मदर्शकातून त्यांना जे दिसले, त्याचे मोल तर आजही कमी झालेले नाही. विजेच्या तारेवर जसे रबरी आवरण असते, तसे मज्जातंतूंवर मायलिन नावाच्या स्निग्ध पदार्थाचे आवरण असते. त्यामुळे संदेश वेगाने व न विस्कटता पोहोचतात. चट्ट्यांच्या जागी हे आवरण नष्ट झालेले, पण आतील तंतू पुष्कळ अंशी शाबूत असल्याचे शार्को यांनी दाखवले. लक्षणे येतात आणि काही काळ ओसरतातही, याचा काहीसा उलगडा त्यातून होऊ शकत होता. आतील तंतूंनाही आजाराच्या आरंभापासून इजा होऊ शकते आणि कायमच्या अपंगत्वाचा संबंध प्रामुख्याने तिच्याशी असतो, हे विसाव्या शतकाच्या अखेरीस अधिक स्पष्ट झाले.

उपचारांच्या बाबतीत शार्को हतबल होते. सोन्याचे, चांदीचे व जस्ताचे क्षार, अत्यल्प मात्रेत कुचल्यातील विषद्रव्य, विजेचे झटके असे त्या काळचे सर्व उपाय करून पाहिले गेले. त्यांनी टिकाऊ लाभ होत नाही, हे त्यांनी आपल्या श्रोत्यांपासून लपवले नाही. आजाराच्या कारणांविषयीही त्यांना फार पुढे जाता आले नाही. दीर्घकाळचे दु:ख, थंडी व ओलावा, आधी होऊन गेलेला तीव्र आजार अशा गोष्टींकडे त्यांनी बोट दाखवले. त्यांचे शिष्य पिएर मारी यांनी पुढे संसर्गाशी असलेल्या संबंधावर भर दिला. आज त्या तर्काकडे पुन्हा नव्याने पाहिले जात आहे.

शार्को यांचे संशोधन एका आजारापुरते मर्यादित नव्हते. स्नायूंना दुर्बल करत नेणाऱ्या एएलएस या व्याधीचे त्यांनी १८६९ पासून केलेले वर्णन इतके नेमके होते, की फ्रान्समध्ये ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. १८७२ मध्ये ते विकृतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. १८८२ मध्ये मज्जासंस्थेच्या विकारांसाठी त्यांच्याकरिता स्वतंत्र अध्यासन निर्माण करण्यात आले. जगातील ते अशा प्रकारचे पहिले अध्यासन मानले जाते. जोझेफ बाबिन्स्की, जिल द ला तुरेत, पिएर मारी यांसारखे शिष्य त्यांच्या हाताखाली तयार झाले. १८८५च्या हिवाळ्यात व्हिएन्नाहून आलेले तरुण डॉक्टर सिग्मंड फ्रॉइड यांनीही तेथे काही महिने शिक्षण घेतले. मंगळवारी होणारी त्यांची व्याख्याने ऐकण्यास डॉक्टरांबरोबर लेखक व कलावंतही गर्दी करत.

या वैभवाच्या काळातच त्यांच्या कार्यातील सर्वांत वादग्रस्त अध्याय लिहिला गेला. उन्माद, म्हणजे त्या काळी हिस्टेरिया म्हणून ओळखली जाणारी अवस्था, हीही मज्जासंस्थेचीच व्याधी असली पाहिजे, असे मानून त्यांनी संमोहनाचे प्रयोग सुरू केले. भरल्या सभागृहात स्त्री-रुग्णांना संमोहित करून त्यांचे झटके दाखवले जात. १८८७ मध्ये आंद्रे ब्रुइये यांनी रंगवलेल्या प्रसिद्ध चित्रात हेच दृश्य आहे. या रुग्णांचे दुखणे ढोंग नाही आणि ते पुरुषांनाही होऊ शकते, हे त्यांचे म्हणणे काळाच्या पुढचे होते. परंतु सभागृहात दिसणारे झटके बऱ्याच अंशी डॉक्टरांच्या अपेक्षेतून व सूचनेतून घडत होते, हा नान्सी येथील वैद्यांचा आक्षेप अखेर खरा ठरला. स्वत: शार्को यांनाही आयुष्याच्या अखेरीस आपल्या या उपपत्तीची फेरमांडणी करण्याची गरज वाटू लागली होती, असे त्यांच्या सचिवाने नोंदवून ठेवले आहे.

या प्रकरणाची किंमत मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांनाही मोजावी लागली. येणारी-जाणारी बधिरता, क्षणिक अंधत्व, थकवा ही लक्षणे तरुण स्त्रीमध्ये दिसली, की तिच्यावर उन्मादाचा शिक्का बसे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाश्चात्त्य देशांतही ही व्याधी पुरुषांमध्ये अधिक असते, असा समज होता. अनेक स्त्रियांचे निदानच न झाल्याचा त्यात मोठा वाटा असावा, असे इतिहासकार मानतात. प्रत्यक्षात ती स्त्रियांमध्ये पुरुषांच्या दुपटीहून अधिक प्रमाणात आढळते. ज्या वैद्याने या व्याधीला शारीरिक आधार मिळवून दिला, त्याच्याच नावाशी जोडलेल्या दुसऱ्या संकल्पनेने तिच्या रुग्णांना मनोरुग्ण ठरवावे, हा वैद्यकाच्या इतिहासातील विषण्ण करणारा योगायोग आहे.

खासगी जीवनात शार्को गंभीर, शिस्तप्रिय आणि काहीसे हुकमी वृत्तीचे होते. विरोध त्यांना फारसा रुचत नसे. प्राण्यांवर मात्र त्यांचे अपार प्रेम होते. घरात त्यांनी माकडीण पाळली होती आणि शिकारीचा त्यांना तिटकारा होता. १८६४ मध्ये त्यांचा विवाह झाला. त्यांचे पुत्र ज्याँ-बाप्तिस्त यांनी वैद्यकाची पदवी घेतली, पण पुढे ध्रुवप्रदेशाचे संशोधक म्हणून ते ख्यातनाम झाले. १९३६ मध्ये आइसलँडजवळ जहाज फुटून त्यांचा मृत्यू झाला. शार्को यांचे निधन १६ ऑगस्ट १८९३ रोजी मध्य फ्रान्समधील मोर्वां भागात प्रवासात असताना हृदयविकाराने झाले. त्या वेळी ते ६७ वर्षांचे होते.

त्यांच्यामागे या व्याधीवरील संशोधन संथपणे पुढे सरकत राहिले. १९३०च्या दशकात माकडांवरील प्रयोगांतून शरीराची रोगप्रतिकारशक्तीच मायलिनवर हल्ला करू शकते, असा संकेत मिळाला. १९८१ मध्ये एमआरआय यंत्राने जिवंत रुग्णाच्या मेंदूतील हे चट्टे प्रथमच दाखवले. जे पाहण्यासाठी शार्को यांना रुग्णाच्या मृत्यूची वाट पाहावी लागे, ते आता तासाभरात दिसू लागले. आजाराचा क्रम बदलू शकणारे पहिले औषध, इंटरफेरॉन बीटा, अमेरिकेत १९९३ मध्ये मान्य झाले. शार्को यांच्या निधनाला तेव्हा नेमकी शंभर वर्षे होत होती. त्यानंतर ग्लॅटिरॅमर, नॅटालिझुमॅब, तोंडावाटे घ्यावयाचे फिंगोलिमॉड आणि २०१७ मध्ये ओक्रेलिझुमॅब अशी औषधे येत गेली. रक्तातील बी पेशींना लक्ष्य करणारी औषधे आज विशेष प्रभावी मानली जातात. त्याच गटातील, तुलनेने स्वस्त असलेले रिटुक्सिमॅब भारतात बरेच वापरले जाते. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या यादीत या आजारासाठी रिटुक्सिमॅब, ग्लॅटिरॅमर व क्लॅड्रिबिन यांचा समावेश केला. ही औषधे नवे झटके रोखतात. झालेले नुकसान भरून काढणारे, म्हणजे मायलिन पुन्हा निर्माण करणारे खात्रीचे औषध अद्याप हाती आलेले नाही. त्या दिशेने आणि हळूहळू वाढत जाणाऱ्या प्रकारच्या आजारावर संशोधन चालू आहे.

कारणांच्या शोधातही मोठी भर पडली आहे. २०२२ मध्ये अमेरिकी सैन्यातील एक कोटीहून अधिक व्यक्तींच्या नोंदींवर आधारित अभ्यास प्रसिद्ध झाला. एपस्टीन-बार विषाणूचा संसर्ग झाल्यानंतर या आजाराचा धोका सुमारे ३२ पटींनी वाढतो, असे त्यात आढळले. हा विषाणू बहुतेक प्रौढांच्या शरीरात असतो आणि त्यांतील फारच थोड्यांना ही व्याधी होते. त्यामुळे आनुवंशिकता, ड जीवनसत्त्वाची कमतरता, धूम्रपान आदी घटकांचाही त्यात भाग असावा, असे मानले जाते.

भारतात ही व्याधी जवळजवळ नाहीच, असा समज दीर्घकाळ होता. त्याला धक्का देणारे महत्त्वाचे काम मुंबईत झाले. पारशी समाजात तिचे प्रमाण दर लाखामागे वीसहून अधिक असल्याचे १९८८ व १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनी दाखवले. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही रुग्णांसाठी काम करणारी संस्थाही १९८५ मध्ये मुंबईतच स्थापन झाली. मज्जाविकारतज्ज्ञ व एमआरआय यंत्रे वाढली, तशी इतर समाजांतील रुग्णांचीही नोंद होऊ लागली. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने मल्टिपल स्क्लेरोसिसचा दिव्यांगत्वाच्या यादीत समावेश केला असून, त्यामुळे पात्र रुग्णांना प्रमाणपत्र व सवलतींचा मार्ग खुला झाला आहे.

तरीही निदानाची पहिली पायरी यंत्रावर अवलंबून नसते. पारनेर तालुक्यातील रुग्णाला मज्जाविकारतज्ज्ञाकडे जायचे, तर नगर किंवा पुण्याची वाट धरावी लागते. ती वाट धरायची की नाही, हे गावातील पहिला डॉक्टर आणि घरातील माणसे रुग्णाचे म्हणणे कसे ऐकतात, यावर ठरते. तरुण सुनेच्या पायांतील मुंग्या म्हणजे अशक्तपणा, अंधुक दृष्टी म्हणजे चष्म्याचा नंबर आणि थकवा म्हणजे कामाचा कंटाळा, अशी स्वतंत्र उत्तरे दिली गेली की मौल्यवान वर्षे निघून जातात. लक्षणे आपोआप ओसरल्यावर अंगाऱ्या-धुपाऱ्याने गुण आला, असाही समज होतो. आता परिणामकारक औषधे उपलब्ध असल्याने हा विलंब पूर्वीपेक्षा अधिक महाग पडतो. उपचार जितके लवकर सुरू होतील, तितके पुढील अपंगत्व टाळण्याची शक्यता वाढते. नेमक्या निदानालाही तेवढेच महत्त्व आहे. या आजाराशी साम्य असणारी, पण वेगळी असलेली न्यूरोमायलायटिस ऑप्टिका ही व्याधी भारतातही आढळते. इंटरफेरॉनने तिच्या रुग्णाची प्रकृती अधिक बिघडू शकते. सारख्या दिसणाऱ्या दोन आजारांना वेगळे काढण्याचा शार्को यांचा आग्रह येथे थेट रुग्णाच्या हिताचा ठरतो.

शार्को यांच्या हाती एमआरआय नव्हते, औषध नव्हते, आणि ते प्रत्येक बाबतीत बरोबरही ठरले नाहीत. ज्यांच्याकडे पाहायला कोणी तयार नव्हते, अशा पाच हजार दुर्लक्षित स्त्रियांच्या दालनांत ते नेमाने गेले, त्यांचे दुखणे वर्षानुवर्षे पाहत राहिले आणि त्यातील सुसंगती त्यांनी शोधून काढली. आजच्या उपचारांची उभारणी त्या परिश्रमांवर झाली आहे. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णाला आज जी आशा दाखवता येते, तिच्या आरंभी या फ्रेंच वैद्याने टिपलेल्या बारीकसारीक नोंदी आहेत.